एकशे ऐंशी ग्रॅम

माझा काटा खोटं बोलत नाही, असं आमच्या खोऱ्यातले सायकलवाले म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. काटा कशाला खोटं बोलेल? ते काम माणसाचं. ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी मुलीची सायकल दुकानात काट्याला टांगली, तेव्हा आकडा आला सहा किलो दोनशे ऐंशी. आणि मी तिला फोनवर सांगितलं, "सहा किलो शंभर. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही."

"बाबा, तू देव आहेस," जोसी म्हणाली, आणि खुशीत फोन ठेवून दिला.

ज्यांना आमच्या चढाच्या शर्यती माहीत नाहीत, त्यांना एवढ्याशा फरकाचं हसू येईल. येऊ दे. वर्षभर सभ्य माणसांसारखी सायकल चालवणारी आमची माणसं ऑक्टोबर आला की कामातून जातात. शर्यत असते जेमतेम चार-पाच मिनिटांची. एक उभा चढ, एकेकाने सुटायचं, घड्याळाशी झुंजायचं आणि वर पोचलं की कोणाच्या तरी अंगावर कोसळायचं. त्यासाठी ही मंडळी हँडलची खालची शिंगं करवतीने कापतात, वरची पट्टी सोलून काढतात, करंगळीएवढ्या स्क्रूलाही आरपार भोकं पाडतात. आमच्या क्लबातल्या एकाने शर्यतीआधी लग्नाची अंगठी काढून बायकोच्या हातात दिली. ती अंगठी अजून तिच्याकडेच आहे, आणि बायको त्याला सोडून लीड्सला. अशा वेड्यांना वेड पुरवण्याचं दुकान मी तीस वर्षं चालवतोय. एक गणित इथे सगळ्यांना पाठ आहे: शंभर ग्रॅम कमी केले की आमच्या चढांवर चार दशांश सेकंद वाचतात.

वजनाचं भांडण शेवटी नेहमी शिफ्टरपाशी येऊन अडतं. हँडलवर हाताखाली दोन दांडे असतात ना, ब्रेकही त्यानेच लागतो आणि गिअरही त्यानेच पडतो, ते. महागातले हलके असतात, आत सगळं नाजूक. स्वस्तातले जड, पण वर्षानुवर्षं खटक् म्हणजे खटक्. आत नखाएवढा एक तुकडा असतो, चक्राच्या दातात अडकून तार ताणून धरणारा. आम्ही त्याला कुत्रा म्हणतो. कुत्र्याने दात धरलेला आहे तोवर गिअर आहे. कुत्रा तुटला की तार ढिली पडते, साखळी उडून भलत्याच चक्रावर जाते, आणि उभ्याने पाय मारणारा माणूस जमिनीवर येतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझा मुलगा नेथन हॅग लेनच्या चढावर पडला. बावीस वर्षांचा होता. क्लबची घरगुती शर्यत, रस्ता वाहनांना बंद नव्हता. दुसऱ्या वळणावर तो सीटवरून उठला आणि उजवीकडे आडवा झाला. वरून मेंढ्यांची ट्रॉली ओढत एक जीप उतरत होती. चालकाची काही चूक नव्हती. स्वाराचा तोल गेला, अपघात, असं पुढे चौकशीत लिहिलं गेलं. पोलिसांनी सायकल परत दिली तेव्हा शिफ्टरचा चेंदामेंदा झालेला होता, पण मी तो बसून उघडला. गाडीखाली चिरडलेला धातू कसा दिसतो ते मला कळतं. आतला कुत्रा चिरडलेला नव्हता. मधोमध स्वच्छ तुटला होता, गाडी यायच्या आधी. तो मूळचा पोलादी नव्हताच. पोलादी काढून तिथे ॲल्युमिनियमचा बसवला होता, कानशीने घासून, तीन दिवस खपून. घडवणारा मी. बारीकसारीक स्क्रू धरून अकरा ग्रॅम वाचवले होते, आणि वाचवल्याची फुशारकी अख्ख्या क्लबात मारली होती. मी तो शिफ्टर कालव्यात टाकला आणि कोणाला एक अक्षर बोललो नाही.

लिनेट, माझी बायको, त्या वळणावर उभी होती. तिचा आवाज सगळ्या खोऱ्याला माहीत होता. तिच्या ओरडण्याने घोडासुद्धा चढ चढेल, असं लोक म्हणायचे. "ऊठ, नेथन! ऊठ!" ती ओरडली. तो उठला आणि पडला. आपण ओरडलो म्हणून पोरगा दचकला, तोल गेला, असं तिने मनाशी धरलं ते धरलंच. त्यानंतर ती कुठल्याच चढावर आली नाही. घरातसुद्धा आता तिचं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. मी म्हणायचो, "लिनेट, तुझा काही दोष नाही." एवढंच म्हणायचो. त्याच्या पुढचं वाक्य सहा वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. पहिला महिना फार जड गेला. मग सवय झाली, ह्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

जोसी तेव्हा अठराची होती. वर्षभर गप्प राहिली आणि एके दिवशी भावाचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून, चढ चढायला लागली. मी नको म्हणालो तर हॅलिफॅक्सच्या दुकानातून सायकल घेईन म्हणाली. म्हणून हो म्हणालो. निदान सायकल माझ्या हाताखालून जाईल. आज ती चोवीसची आहे. बिस्किटांच्या कारखान्यात आठ तास पट्ट्याशी उभी राहते आणि सुटल्यावर डोंगर गाठते. यंदा उत्तर विभागाचं अजिंक्यपद क्रोथॉर्नच्या चढावर ठरलं होतं. समुद्रापलीकडच्या फ्लँडर्समधल्या एका बायकांच्या व्यावसायिक संघाने तिला कळवलं होतं: पुढच्या मोसमासाठी एक जागा रिकामी आहे, क्रोथॉर्न जिंकलीस तर तुझी. दुसरी आलीस तर काय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

नवे हलके शिफ्टर आले तेव्हा ती दुकानात हजर होती.

"साधे लावू या गं," मी म्हणालो. "जड आहेत, पण दगा देणार नाहीत."

"बाबा, मला काय त्यावरून चीनला जायचंय? चार मिनिटं. चार मिनिटं टिकले की झालं."

"चार मिनिटांत पुष्कळ काही होतं."

"मग कारण सांग. नुसता घाबरू नकोस. हा शिफ्टर कोणाचा तुटला? कधी? तू बघितलायस तुटलेला?"

तिने सरळ विचारलं होतं. सांगायची वेळ ती होती, ह्याहून सोपी वेळ मला कोणी देणार नव्हतं. मी म्हणालो, "नाही बघितला."

"मग लाव की."

आणि मी म्हणालो, "बरं."

शुक्रवारी दुकानाला आतून कडी घातली. हलक्या शिफ्टरचे कार्बनचे दांडे आणि रबरी टोप्या उतरवून जड शिफ्टरवर चढवल्या. बाहेरून सोंग बेमालूम वठलं. नव्या शिफ्टरची तिच्या हाताला अजून ओळख नव्हती, त्यामुळे तीही भीती नव्हती. खरं म्हणजे गिअर फक्त उजव्यात होता. डाव्यात नुसता ब्रेक. तिथे तुटायला काही नव्हतंच. पण जड शिफ्टर अंगाने जरा गुबगुबीत असतो. एकच बदलला असता तर डावं-उजवं पकडीत वेगळं लागलं असतं आणि तिने लगेच विचारलं असतं. म्हणून दोन्ही बदलले. उजव्याचे नव्वद ग्रॅम पोरीच्या जिवासाठी, डाव्याचे नव्वद माझं खोटं झाकायला.

रविवारी क्रोथॉर्नवर धुकं होतं. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, हातात गाईच्या घंटा, तवे, पळ्या, जे मिळेल ते. आमच्याकडे सुरुवातीला एक माणूस मागून सीट धरून स्वाराला उभं ठेवतो. ढकलायचं नाही, शून्य झालं की नुसतं सोडायचं. जोसीला नेहमी मीच धरतो.

"किती घट्ट धरलंयस आज," ती पुढे बघतच म्हणाली.

"धुकं आहे."

"मला दिसतंय."

पाच, चार, तीन. मी सोडलं. ती गेली. पन्नास पावलांवर तिने गिअर टाकला, आणि तो खटका मला त्या सगळ्या कल्लोळात ऐकू आला. घट्ट, खात्रीचा खटका. मग ती धुक्यात शिरली. पुढची चार मिनिटं मी तिथे काय केलं ते मला सांगता येणार नाही. शेवटी घड्याळ लावणाऱ्याच्या वॉकीटॉकीवर वरून आवाज आला, "अ‍ॅक्रॉइड, चार मिनिटं दहा पूर्णांक चार." जोसीची वेळ, आतापर्यंतची सगळ्यात चांगली.

सांगायला लाज वाटते, पण ती पहिली आहे ह्याचा आनंद मला नंतर झाला. आधी झाला तो ती वर पोचल्याचा. ती उभी होती, श्वास घेत होती. जिंकलो आपण, मी मनात म्हणालो. जीवही राहिला आणि कपही.

शेवटची स्वार होती शेफील्डची इसोबेल, मागच्या वर्षीची विजेती. वॉकीटॉकी खरखरली. "चार मिनिटं दहा पूर्णांक एक."

तीन दशांश. डोळ्याची पापणी लवायला एवढाच वेळ लागतो. मला ते गणित करायचं नव्हतं, पण तीस वर्षांची सवय. ते आपोआप झालं. एकशे ऐंशी ग्रॅमचे सात दशांश.

खाली गावच्या सभागृहात चहा आणि आल्याचा केक होता. जोसी कोपऱ्यात ब्लँकेट गुंडाळून बसली होती. रडत नव्हती. कप दोन्ही हातांत धरून ती जमिनीकडे बघत होती. येणारे-जाणारे तिच्या खांद्यावर थोपटत होते, आणि प्रत्येकाला ती "हो ना" म्हणत होती.

"चल, निघू," मी म्हणालो. "आई वाट बघत असेल."

"थांब. नॉर्मनचं वजन व्हायचंय."

हे मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, होणार नाही असं धरून चाललो होतो. नॉर्मन हॉयल म्हणजे आमच्या क्लबातलं सगळ्यात जुनं खोड. पहिल्या तिघांच्या सायकली दाराच्या तुळईला लटकवलेल्या काट्यावर टांगायच्या आणि आकडे खडूने फळ्यावर लिहायचे, ही त्याची हौस. बक्षीस नसतं, नुसती थट्टा. पण क्लबातली माणसं निकालापेक्षा त्या फळ्यापुढे जास्त वेळ उभी असतात.

"आज राहू दे रे नॉर्मन," मी म्हणालो. "पोरगी दमलीय."

"पोरगी नाही टांगत, सायकल टांगतोय," नॉर्मन म्हणाला, आणि लोक हसले. त्याने जोसीची सायकल आकड्याला अडकवली. ती एक गिरकी घेऊन स्थिरावली. "सहा... दोनशे ऐंशी. अरे डेरेक! तू तर सहा-शंभर सांगत फिरत होतास. म्हातारा झालास लेका. काटा बदल, नाहीतर चष्मा."

"त्याचा काटा चुकत नाही," जोसी म्हणाली.

ती उठली होती. ब्लँकेट खुर्चीवर राहिलं. तिने सायकल काट्यावरून काढली, खांद्याला लावली आणि बाहेर गाडीतळाकडे चालू लागली. मी मागे गेलो. आमच्या व्हॅनपाशी तिने सायकल टेकवली आणि उजव्या शिफ्टरची रबरी टोपी अंगठ्याने मागे सोलली. आत करड्या अंगावर स्वस्तातल्या मॉडेलचा आकडा कोरलेला होता. मग तिने डाव्याची टोपी सोलली.

"दोन्ही," ती म्हणाली.

"जोसी, ऐक—"

"उजवा समजू शकते. तू घाबरट आहेस, मला माहीत आहे. पण डावा कशाला? डाव्यात काय आहे तुटायला?"

मी टोपी परत खाली ओढायला गेलो, तिने माझा हात बाजूला केला.

"नुसता उजवा बदलला असतास तरी मी जिंकले असते. अर्ध्या दशांशाने का होईना, जिंकले असते. ते ओझं घेऊनसुद्धा! डावा का बदललास, बाबा?"

"नाहीतर तुला कळलं असतं."

"हो. कळलं असतं. मग?"

"तू काढायला लावला असतास."

"कारण तू कारणच दिलं नाहीस! मी विचारलं होतं की नव्हतं? तोंडावर विचारलं होतं, कोणाचा तुटला ते सांग!"

"नेथनचा तुटला," मी म्हणालो.

पलीकडे कोणीतरी गाडीच्या टपावर सायकल बांधत होतं. तो माणूस थांबला आणि मग मुद्दाम आवाज करत पट्टे ओढायला लागला. मी जोसीला सगळं सांगितलं. कुत्रा, कानस, अकरा ग्रॅम, कालवा. सहा वर्षं जे ओठापर्यंत आलं नव्हतं, ते सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी."

"पुरलं कधी त्याला?"

"नवव्या दिवशी."

"म्हणजे तिथे उभा होतास तेव्हा तुला माहीत होतं." तिने सायकलचं पुढचं चाक काढलं, व्हॅनमध्ये ठेवलं. हात स्वच्छ होते तरी पँटला पुसले. "मला सांगितलं असतंस तर मी स्वतः जड मागितला असता. एकच. उजवा. मी वेडी आहे, पण तेवढी नाही." आणि मग एकदम ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता. "आईला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आईला वाटतं ती ओरडली म्हणून तो पडला."

"हो."

"आणि तू तिला तसं वाटू दिलंस."

"मी तिला म्हणायचो, तुझा दोष नाही—"

"गप्प बस," ती म्हणाली. माझ्या मुलीने मला हे कधी म्हटलं नव्हतं. "घरी जाऊन तू सांगतोस की मी सांगू? तेवढं फक्त बोल."

घरापर्यंतचे पंचवीस मैल ती खिडकीतून बाहेर बघत होती. फ्लँडर्सचं नाव तिने काढलं नाही. मी काढणार तरी कसं?

घरात रविवारच्या जेवणाचा वास होता. लिनेट ओट्याशी उभी राहून कोबीच्या गड्ड्या सोलत होती. तिने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हरलीस होय गं? जाऊ दे. हात धुऊन या."

मी कोट न काढताच सांगायला लागलो. तिने सुरी खाली ठेवली, पण वळली नाही. खिडकीकडे तोंड करूनच सगळं ऐकलं. मी मधे कुठेतरी रडलो. त्याने काही फरक पडला नाही, पडायला नकोच होता. माझं संपलं तेव्हा ओव्हनमध्ये मांसाची चरबी चुरचुरत होती.

"किती वाचवलंस म्हणालास?" तिने विचारलं.

"काय?"

"वजन. किती?"

"अकरा ग्रॅम."

तिने मान हलवली, दुकानात भाव ऐकल्यावर हलवावी तशी. मग ओव्हन बंद केला, हात पुसले आणि जोसीच्या समोर टेबलाशी जाऊन बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

"किती झाली वेळ?" तिने लेकीला विचारलं.

"चार दहा पूर्णांक चार. दुसरी आले."

"चढ कसा आहे तिथला? मी बघितलेला नाही."

"शेवटी फार उभा आहे. धुकं होतं. काही दिसत नव्हतं, नुसते लोकांचे आवाज."

"खूप लोक होते?"

"खूप."

लिनेटने जोसीचा हात हातात घेतला आणि त्यावरच्या हँडलच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिली. "मी इथे बसून घड्याळ बघायचे," ती म्हणाली. "तुझी प्रत्येक शर्यत. वाटायचं, मी गेले आणि तोंडातून आवाज निघाला, तर तूही जाशील." तिचा आवाज वाढला नव्हता. तसाच होता, शेजारच्या खोलीत ऐकू न येणारा. "मी आले असते गं, जोसी. सगळ्या शर्यतींना आले असते."

जोसीने टेबलावर डोकं ठेवलं आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली. तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला कोणी बस म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. मी कोट घालून दाराशी उभा होतो.